आधी वही, मग अर्ज: मुंबईत पर्यावरणाच्या कामात शिरताना

जून उजाडला की माझ्या फोनवर एकाच साच्याचे मेसेज यायला लागतात. 'सर, मला नेचरची खूप आवड आहे, तुमच्याकडे इंटर्नशिप मिळेल का?' खाली बायोडेटा जोडलेला असतो. त्यात दहावी-बारावीचे मार्क, एमएस-सीआयटी, छंद: ट्रेकिंग. मी उलट एवढंच विचारतो, 'गेल्या रविवारी कुठे गेला होतात आणि काय पाहिलंत?' बहुतेक जण इथेच गप्प होतात. जे एक-दोघं बोलायला लागतात त्यांच्याशी मग अर्धा तास बोलणं होतं आणि काम सहसा त्यांनाच मिळतं, मार्क कितीही असोत.

मी गेली दहा-बारा वर्षं खाडी आणि कांदळवनाच्या सर्वेक्षणांवर काम करतो. दर हंगामात दोन-तीन विद्यार्थी बरोबर असतात. त्यांना जे तोंडी सांगत आलो ते इथे एकदाच लिहून ठेवतो आहे.

कुठलं काम, ते आधी ठरवा

'पर्यावरणात काम करायचंय' हे वाक्य ऐकून समोरच्याला काहीच कळत नाही. मुंबईत या एका शब्दाखाली निदान पाच-सहा वेगळे धंदे चालतात.

जंगल आणि वन्यप्राणी सगळ्यांनाच हवे असतात आणि तिथे जागा सगळ्यात कमी. शिवाय कल्पना आणि काम यांत बरंच अंतर आहे. कॅमेरा ट्रॅपच्या (समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) प्रकल्पात नव्या मुलाच्या वाट्याला बिबट्या येत नाही, बिबट्याच्या वाटेवरचे हजारो फोटो येतात. त्यांत कुत्री, गुरं, सरपण नेणाऱ्या बायका आणि वाऱ्यावर हललेलं गवत. ते चाळून तक्ता भरायचा. हे कंटाळवाणं वाटत असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

समुद्र आणि खाडी हा मुंबईचा खरा जोर. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. या भागात गणना, रोपवाटिका, लोकशिक्षण, मच्छीमारांबरोबरची कामं असं बरंच काही चालतं.

कचरा. इथे काम सगळ्यात जास्त आणि अर्ज सगळ्यात कमी. मला कोणी विचारलंच तर मी इथूनच सुरुवात करायला सांगतो. एखाद्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करायला लावणं, कंपोस्टचा खड्डा नीट चालवणं, आठवडाभर वजनं घेऊन तक्ता करणं, यातून माणसांशी बोलायची जी सवय लागते ती जंगलात लागत नाही. स्त्री मुक्ती संघटना कचरावेचक बायकांबरोबर मुंबईत कित्येक वर्षं काम करते आहे. त्या बायकांना प्लास्टिकचे प्रकार हाताला जाणवतात. नुसतं चुरगळून, आवाज ऐकून त्या सांगतात कुठलं विकलं जाईल आणि कुठलं नाही.

कायदा आणि धोरण हे कला आणि विधी शाखेच्या मुलांसाठी. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. तसे निकाल वाचणं, माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणं, जनसुनावणीची टिपणं काढणं. कॉन्झर्वेशन अॅक्शन ट्रस्ट, वनशक्ती या संस्था याच वाटेने लढत आल्या आहेत.

आणि कंपन्या. २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो. तो करून देणाऱ्या सल्लागार कंपन्यांना झाडं मोजायला, हवा-पाण्याचे नमुने घ्यायला पोरं लागतात. २०२२-२३ पासून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाच्या आघाडीवरचा अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे बीकेसी आणि लोअर परळच्या ऑफिसांत वाणिज्यच्या मुलांनाही या क्षेत्रात दार उघडलं आहे. ज्यांना चिखल नको आणि महिनाअखेर पगार हवा, त्यांनी यात लाजायचं कारण नाही.

चार रविवार आणि एक वही

आता मुख्य गोष्ट. अर्ज करण्याआधी चार रविवार एकाच जागी जा. एकच जागा, चार वेळा. चार जागा एकेकदा पाहून येणं ही सहल झाली.

जागा घराजवळची निवडा. भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता, शिवडीची खाडी, पवई तलावाचा काठ, आरे, धारावी-सायनच्या मधलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. त्या उद्यानाच्या जागी एके काळी कचऱ्याचं डम्पिंग होतं हे आत शिरल्यावर खरं वाटत नाही. हेही नको असेल तर कॉलेजचं आवार किंवा सोसायटीतलं एक उंबराचं झाड चालेल. फळं धरली की त्या एका झाडावर सकाळच्या तासाभरात जे येऊन जातं तेवढं लिहिलं तरी पान भरतं.

वहीत काय लिहायचं? मुलुंडच्या एका मुलीच्या वहीतली नोंद तिच्या परवानगीने देतो:

'रविवार, चतुर्थी. भांडुप पंपिंग. स. ७.१० ते ८.४०. ओहोटी चालू, चिखल उघडा. ढग नाहीत, वारा कमी. शेकाट्या १४. वंचक ६. तुतवार ३. मोठा बगळा २. एक शिकारी पक्षी, उंचावर, घारीपेक्षा मोठा, शेपटी आखूड. ओळखता आला नाही. फोटो २१२. रस्त्याच्या डाव्या हाताला डेब्रिजचा नवा ढीग, गेल्या रविवारी नव्हता.'

या नोंदीतल्या दोन गोष्टींसाठी मी तिला दुसऱ्या दिवशीच फोन केला. 'ओळखता आला नाही' हे लिहायचं धाडस तिच्याकडे होतं. आमच्या कामात चुकीचं नाव लिहिणारा माणूस फार महाग पडतो, कारण त्याची नोंद पुढे कोणीतरी खरी धरून चालतो. आणि डेब्रिज. पक्षी पाहायला गेलेल्याच्या नजरेला ढीग पडला आणि तो गेल्या रविवारी नव्हता हेही तिला सांगता आलं. चार वेळा एकाच जागी गेल्याशिवाय हे जमत नाही.

चतुर्थी का लिहिली, असं वाटेल. ऐरोलीच्या एका कोळी काकांनी मला शिकवलेला ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी नऊला. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या बाराच्या आसपास, म्हणून मोठी ओहोटी पहाटे सहाला. खाडीवरचे पक्षी घड्याळापेक्षा भरतीवर चालतात. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे सरकतात. ही वेळ न पाहता शिवडीला गेलेले किती तरी जण 'फ्लेमिंगो नव्हतेच' म्हणून परत येतात. अर्थात पाण्यात उतरायचं असेल तर काकांच्या हिशेबावर विसंबू नका, त्या दिवसाचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता पाहा.

नोंदी पेन्सिलीने करा. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी ऐटीत जेल पेन घेऊन गेलो होतो. तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, कडेला पाय मांडीपर्यंत रुतला, तोल गेला, वही पाण्यात. तीन तासांची मोजणी निळा ओघळ होऊन निघून गेली. बरोबरच्या वरिष्ठ बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पेन्सिलीचा तुकडा काढून दिला आणि 'पुन्हा मोजू या' म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याच दिवशी पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर आणि बाकी सगळ्याचे फोटो आय-नॅचरलिस्टवर चढवा. नोंदींची ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. तुमच्या नोंदींची लिंक हाच तुमचा बायोडेटा. फेब्रुवारीत कॅम्पसमधली पक्षिगणना असते, एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज ही शहराशहरांतली निसर्गनोंदींची स्पर्धा असते. दोन्हींत कॉलेजचा गट करून उतरता येतं.

दार कुठलं ठोठवायचं

पहिलं दार तुमच्याच कॉलेजात आहे आणि मुलं नेमकं तेच विसरतात. प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राच्या विभागात एखादे सर किंवा मॅडम असतातच, ज्यांचं कुठल्या तरी प्रकल्पावर काम चालू असतं. त्यांना नमुने धुवायला, लेबलं लावायला माणूस हवा असतो. नवीन शैक्षणिक धोरणात आलेल्या ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे) तास तिथून भरून निघतात का हे आधी विचारा. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असाल तर वर्षाचे १२० तास तसेही द्यायचे असतात. ते भिंती रंगवण्याऐवजी कांदळवन स्वच्छतेत देता येतील का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारायला काय हरकत आहे?

मग बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था फोर्टात लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊसमध्ये आहे आणि गोरेगावला फिल्मसिटीजवळ त्यांचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. त्यांच्या अभ्यासक्रमांना फी असते. परवडत नसेल तर आधी त्यांच्या एखाद्या निसर्गभ्रमंतीला जा. तिथे भेटणारी माणसं पुढे दहा ठिकाणी भेटत राहतात, कारण हे वर्तुळ फार लहान आहे.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात निसर्ग माहिती केंद्र आहे. तिथल्या उपक्रमांत शाळेच्या मुलांना फिरवायला स्वयंसेवक लागतात. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, फ्लेमिंगो पाहायच्या बोटी तिथूनच सुटतात. खडकाळ किनाऱ्याची आवड असेल तर २०१७ पासून चालणाऱ्या मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या किनाराफेऱ्या बघा. हाजी अली किंवा गिरगावच्या खडकांत प्रवाळ आणि समुद्री गोगलगायी जिवंत आहेत, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

संशोधनाकडे ओढा असेल तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, वरळीचं नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं केंद्र, पवईचं आयआयटी. या सरकारी ठिकाणी एकट्याने मेल टाकून सहसा काही होत नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र लागतं आणि तेही दोन-तीन महिने आधी. मे महिन्यात काम हवं असेल तर फेब्रुवारीत पत्र घ्या.

अर्ज

अर्ज छोटा हवा. मघाच्या त्याच मुलीने नंतर दुसऱ्या एका संस्थेला पाठवलेला मेल असा होता:

'विषय: खाडीच्या पक्षिगणनेत दर शनिवारी काम करण्याबाबत

नमस्कार मॅडम,
मी मुलुंडला राहते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. सप्टेंबरपासून भांडुप पंपिंगला सहा वेळा गेले, त्या नोंदींची लिंक खाली देत आहे. चिखल्या आणि तुतवार मला अजून लांबून खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर शनिवारी पूर्ण दिवस येऊ शकते. कॉलेजला ओजेटीच्या तासांचं पत्र द्यावं लागेल. गणनेत नोंदी लिहायला कोणी हवं असल्यास कृपया कळवावे.'

बस. 'लहानपणापासून निसर्गाची ओढ' वगैरे कुठेच नाही. मराठीत लिहावं की इंग्रजीत? संस्था ज्या भाषेत बोलते त्या भाषेत. वनविभागाला मराठीतच लिहा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर एक फोन करा, दुपारी जेवणाची वेळ टाळून. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. त्यानंतर सोडून द्या.

पैसे

हे आधी बोला. नवीन मुलं संकोचतात आणि मग महिनाभराने घरी आईला काय सांगायचं असा प्रश्न पडतो.

खरं सांगायचं तर शिकत असताना मिळणारं बरंचसं काम बिनपगारी असतं. काही ठिकाणी प्रवासखर्च आणि जेवण मिळतं. सल्लागार कंपन्या आणि अनुदान मिळालेले प्रकल्प मानधन देतात. शिक्षण पूर्ण झालं असेल तर राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची चौकशी करा. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना असं विद्यावेतन त्यात ठरलं होतं. शिकत असलेल्यांसाठी ती नाही.

हो म्हणायच्या आधी विचारायचं ते असं: आठवड्याला किती तास? प्रवासखर्च मिळणार का? माझ्यावर देखरेख कोणाची? मी गोळा केलेल्या नोंदी छापल्या तर माझं नाव येणार का? पत्र कधी आणि कोणाच्या सहीने? ही उत्तरं मेलवर घ्या.

इंटर्नशिपसाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागितले तर नमस्कार करून बाहेर पडा. अभ्यासक्रमाची फी ही वेगळी गोष्ट, तिथे कोणीतरी शिकवतं. 'रजिस्ट्रेशन भरा, घरबसल्या सर्टिफिकेट' या प्रकाराला आमच्याकडे कोणी विचारत नाही.

फील्डवरचा पहिला आठवडा

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मळकट रंगाचा. दोन लिटर पाणी, टोपी, पेन्सिल, प्लास्टिकची पिशवी फोनसाठी. खडकाळ किनाऱ्यावर मागे पट्टा असलेल्या जाड सँडल. शेवाळावर स्लिपर टिकत नाही आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा.

मुलींनी आणखी एक गोष्ट न लाजता आधीच विचारावी: स्वच्छतागृह कुठे आहे आणि परत येताना बरोबर कोण असेल? खाडीत बोटीवर पाच तास जातात. ज्या प्रमुखाला या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडे काम करू नका. मी स्वतः पहिली दोन वर्षं याचा विचारच केला नव्हता. बरोबरची मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही, हे उशिरा लक्षात आलं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो हौशी लोकांनाही लागू होतो. नॅशनल पार्कात वाट सोडून शिरायचं नाही. साप पकडायचा नाही, पकडून सेल्फी तर मुळीच नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखता येतात म्हणून कोणी सर्पमित्र होत नाही, वनविभागाची परवानगी लागते. जखमी प्राणी दिसला तर १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि गर्दी लांब ठेवा. घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा इन्स्टावर टाकू नका.

आणि तुमचं मराठी. हे भांडवल आहे, पण मुलांना ते मोजताच येत नाही. संशोधनाचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, पण माहिती वनरक्षकाकडून, कोळणीकडून, आरेतल्या पाड्यावरच्या आजीकडून मराठीत येते. दिल्लीहून आलेली हुशार मुलगी तिथे अडते आणि तुम्ही 'काकी, बसू का जरा?' म्हणून ओट्यावर टेकता. खाडीवरच्या माणसाच्या बोलण्यात उधाण, भांग, खाजण, निवटी असे शब्द येतात. ते वहीत जसेच्या तसे लिहा, त्यांचा अर्थ विचारा. बोंबील वाळत घालायच्या वलांडीखालून जाताना विचारून जा. वाळत घातलेल्या सुकटीवर पाय पडला तर त्या दिवशीची मुलाखत संपली म्हणून समजा.

एकदा तिवराचं पान चाटून बघा, पालथी बाजू नव्हे, वरची. खारट लागेल. झाड पाण्यातलं जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं आणि कोरड्या दिवशी त्याचे कण उन्हात चमकताना दिसतात. शाळेच्या मुलांना फिरवायची पाळी आली की कांदळवन समजावायला दुसरं काही लागत नाही. फक्त सांडपाण्याच्या नाल्याजवळचं पान निवडू नका.

शेवटच्या दिवशी

दुसऱ्या वर्षाला असताना मी एका संस्थेसाठी चार महिने जुन्या पक्षिनोंदी एक्सेलमध्ये भरल्या. ज्यांच्या हाताखाली होतो ते मधेच नोकरी सोडून गेले. पत्र मागायला गेलो तर नव्या बाईंनी विचारलं, 'तुम्ही कोण?' माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. केलेलं काम त्यांच्याच कॉम्प्युटरवर होतं.

म्हणून काम संपायच्या दोन आठवडे आधीच पत्राचा मसुदा तुम्हीच करून न्या: तारखा, एकूण तास, काय केलंत, देखरेख कोणाची. वरिष्ठांना फक्त वाचून सही करायची राहिली की पत्र त्याच आठवड्यात मिळतं. दर महिन्याच्या शेवटी केलेल्या कामाचा चार ओळींचा मेल त्यांना पाठवत जा, म्हणजे माणूस बदलला तरी मागचं सगळं तारखेसकट राहतं. संस्थेच्या नोंदी त्यांच्या परवानगीशिवाय घरी नेऊ नका. तुमची पेन्सिलीची वही मात्र तुमची. तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि सही झालेल्या पत्राच्या दोन झेरॉक्स. एक कॉलेजला द्यायची, एक कपाटात.